दाब कळवणारी नळी

झडपेच्या मधोमध भोक होतं, मोहरीचा दाणा जेमतेम जाईल एवढं... तिने व्हॉल्व्ह उजेडाकडे धरला तर त्यातून खिडकीचा एक ठिपका दिसला — काल बाबांच्या अर्धवट मिटलेल्या पापण्यांत असंच काहीतरी चकाकलं होतं, आणि वेड्यासारखं तिला वाटलं होतं, त्यांनी आपल्याला ओळखलं.

"ताई, तो पीस फुटका आलाय," स्टोअरकीपर म्हणाला. "परत धाडतोय. हे हँडलवाले घ्या, दुरुस्तीला बरे. फिरवलं की बंद."

"फुटका नाही. मी तसाच मागवलाय."

"भोकासकट? मग त्याला झडप तरी कशाला म्हणायचं!"

तिला हसू आलं, कितीतरी दिवसांनी. मग तिने नेहमीचं पुराण लावलं: ही झडप ज्या नळीवर बसते ती नळी पाणी न्यायला नसतेच, मुख्य पाइपातला दाब आगीच्या पंपाला कळवायला असते. पाण्याचा दणका आला तर झडप तो अडवते. दाब खराच उतरला तर भोकातून कळतो आणि पंप सुरू होतो. या वाटेवर बंद करता येईल असं काहीही बसवायचं नाही, कारण माणूस बंद करतो आणि विसरतो — वर मजले जळताहेत आणि खाली पंपाचं पॅनेल आपलं ढिम्म, सगळं आलबेल.

"हँडलवाले सगळे परत," ती म्हणाली. या बाबतीत तिच्यापुढे कुणाची डाळ शिजत नसे.

फोन थरथरला. दादा. सकाळी डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं होतं — औषध वाढवलं तर बाबांना वेदना कळणार नाहीत, पण मग कोण आलं, कोण गेलं तेही कळणार नाही. शेवटपर्यंत झोपेतच राहतील. दादा लगेच हो म्हणाला होता. ती म्हणाली होती, थांबा.

"अगं, रात्रभर कण्हत होते. मी होतो तिथे. आता आणखी कशाला थांबायचं?"

"मधूनच शुद्धीवर येतात रे. परवा मला ठकू म्हणाले, लहानपणीसारखं."

"आणि त्याच्या आधी काय म्हणाले? मला सोडवा म्हणाले."

तिने हातातल्या व्हॉल्व्हकडे पाहिलं. कळवणारी वाट अडवायची नाही, जन्मभर हेच तर राखत आलो... पण कळवायचं कुणाला? इथे भरलेली टाकी आहे, पंप आहे. तिथे डॉक्टरांनी हात टेकलेले, दादा रडवेला, आणि मी. बाबांचं दुखणं रात्रभर सांगत राहतं आणि दुसऱ्या टोकाला सुरू होण्यासारखं काही उरलेलंच नाही. तरी मी थांबा म्हटलं. कशासाठी? मला एक हाक हवी होती म्हणून ते कण्हत राहिले.

"येते," एवढंच म्हणून तिने फोन ठेवला.

दवाखान्याच्या पायऱ्या चढताना तिला पहिल्यांदाच वाटलं, आपण पोचू तेव्हा त्यांना गाढ झोप लागलेली असावी. खरंच असावी. आणि लगेच, पुढच्याच पायरीवर... पण आधी एकदा, फक्त एकदाच, डोळे उघडून —