खालची आणि वरची

खिळ्याला लटकलेला रुमाल… मूळचा पांढरा असावा, आता मध्ये पिवळट, कडांना पुठ्ठ्यासारखा कडक. बालवाडीतल्या मावशींनी तो काढून एका पोराचा शेंबूड पुसला, त्यानंच दुसऱ्याचा, मग तिसऱ्याचा, आणि पुन्हा खिळ्याला अडकवला. ते पाहून तिनं आपल्या लेकीचा, ठकीचा हात घट्ट धरला.

"बाईंची पद्धत," मावशी म्हणाल्या. "खिळ्यावरचा रुमाल सगळ्यांचा. कुणाचा भारी, कुणाचा फाटका, असलं काही नको. बाई गेल्या, पण आम्ही काडीचा बदल केला नाही."

बाई म्हणजे तिची आई. ही खालची बालवाडी आईनं जन्मभर चालवली, आणि गेल्या हिवाळ्यात ती गेली. गावात सरकारी बालवाड्या दोनच, खालची आणि वरची. सोमवारपासून लेकीला एकीत घालायचं होतं. तुलना नावालाच — मनातून आईचीच ठरलेली.

वरची सकाळीच पाहून झाली होती. लखलखीत फरशी, फिनेलचा वास, प्रत्येकाच्या छातीवर टाचलेला आपापला रुमाल. आणि नाक वाहणारी पोरं भिंतीलगतच्या वेगळ्या बाकावर, नाक थांबेपर्यंत. तिथल्या बाईंनी एका रडक्या मुलीला मेलेला उंदीर उचलावा तसं दोन बोटांनी दंडाला धरून तिकडे नेलं होतं, आणि वळून गोड हसल्या होत्या… तिथून निघताना थुंकावंसं वाटलं होतं. आणि आता हे. आगीतून फुफाट्यात.

रुमाल धुता कधी, असं तिनं विचारलं. शनिवारी, मावशी म्हणाल्या, मग हसल्या. "ताई, तुम्ही अजून तशाच. बाई म्हणायच्या, आमच्या लेकीला स्वतःच्या सावलीचीसुद्धा किळस."

आई असं म्हणायची? इथं, सगळ्यांसमोर?

तिला आठवलं, रोज संध्याकाळी आई चपला काढायच्या आधी पातेल्यात रुमाल उकळत ठेवायची — ढीगभर, सगळे एकसारखे — आणि मी नाक दाबून ओरडायचे, लोकांच्या पोरांचा शेंबूड आपल्या घरात कशाला… म्हणजे आईच्या वेळी एक नाक पुसलं की रुमाल पिशवीत, खिळ्यावर नवा. मावशी तेव्हा स्वयंपाकाच्या खोलीत. त्यांना येता-जाता दिसायचा तो खिळ्यावरचा एक. तोच त्यांनी श्रद्धेनं जपला.

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण मावशींच्या चेहऱ्यावर आईविषयीची माया होती, आणि तीही तिला चिकट, ओलसर वाटली.

ठकी हात सोडवून पोरांत जाऊन बसली होती. "आई, मी इथंच राहू?"

तिनं खिळ्याकडे पाहिलं. का नाही शिकवलंस कुणाला, आई? सगळं स्वतःच ओढायचं, कुणाला म्हणून कळू द्यायचं नाही, आणि वर लेकीची चेष्टा करायची… आई गेल्यापासून पहिल्यांदाच तिला आईचा राग आला. तो राग इतका जुना, इतका घरचा होता की तिनं तो गिळला नाही. ती तिथंच उभी राहून मनातल्या मनात आईशी भांडत राहिली — आणि आईही, नेहमीसारखी, ऐकून घेईना.