मातीत पुरलेलं धोतर

"मी नाई खंदत. तूच खंद, शेषराव," म्हणत चंपतनं फावडं पुढं केलं.

"काहून? आत नाग बसला हाय का?"

सगळे हसले. चंपतही हसला, पण फावडं त्यानं परत घेतलं नाही.

दोन महिन्यांपूर्वी संशोधन केंद्राच्या तनुजा मॅडमनी शेतकरी गटातल्या प्रत्येकाला आपापल्या सोयाबीनमध्ये पांढऱ्या सुती कापडाचा तुकडा पुरायला सांगितलं होतं. माती जिवंत असली तर तिच्यातले जीव कापड खाऊन टाकतात. मेलेली असली तर कापड तसंच राहतं. चंपतनं आपलं जुनं धोतर फाडलं होतं.

सकाळी शेषरावच्या वावरातून नुसत्या चिंध्या निघाल्या. पेढे वाटावेत तशा त्यानं त्या सगळ्यांना दाखवल्या. चंपतच्या वावरात मात्र बैल विकल्यापासून शेणखताची पाटी पडली नव्हती. दरसाल पडत होतं ते तणनाशक. पुण्याहून त्याचा मुलगा पवन फोनवर एकच लावायचा, "बाबा, वावरात काई राह्यलं नाई. ठेक्यानं देऊन टाका अन् इकडं या." एकदा चिडून चंपत बोलून गेला होता, "पुरलेलं कापड निघू दे. तसंच निघालं तर देतो, जाय!"

हे बोलणं त्याच्या बायकोनं ऐकलं होतं. आता मनकर्णाबाई बांधावर पदराचं टोक दातात धरून उभी होती.

शेषरावनं दोनचार घाव घातले. कापड वर आलं. झटकलं, तर अख्खंच्या अख्खं.

"चंपतभाऊ, धुऊन नेसा आता!"

या वेळी कोणी हसलं नाही.  चंपत ढेकळांवर बसला. बापाकडून आली तेव्हा जिती होती ही जमीन.

तनुजा मॅडमनी पिशवीतून एक मळका तुकडा काढला. तोही धडधाकट होता. "हा आमच्या केंद्राच्या शेतातला. सकाळपासून दाखवायचा धीर होत नव्हता. काका, आता दोघं बरोबरच सुरू करू. शेणखत घालू, ताग पेरून हिरवाच मातीत गाडू, आणि पुन्हा कापड पुरू."

"कई समजन मंग?"

"वर्ष जाईल. कदाचित दोन."

चंपतनं बायकोकडं पाहिलं. "पवनले काय सांगू?"

"मले काय पुसता? बोलले तुमी."

त्यानं धोतराचा तुकडा उचलला, उन्हासमोर धरला आणि वीत वीत पुढं सरकवत पाहू लागला.  एका कोपऱ्यात ज्वारीच्या दाण्याएवढा उजेड दिसला.

"खाल्लं! मनकर्णा, इथं खाल्लं, पाह्य!"

तिनं वाकून भोकावर बोट फिरवलं. "हाय खरं. खाऊन राह्यली म्हणा त्याले."

ते भोक मातीनं पाडलं की फावड्याच्या टोकानं? मॅडम हाताच्या अंतरावर उभ्या होत्या. चंपतनं कापडाची घडी घातली, बंडीच्या खिशात ठेवली आणि विचारलं नाही.