विल्फचा खोकला

“म्हणजे इथं कुणाचीच, कधीच तक्रार नाही?” तपासणीला आलेल्या मिसेस कॉयलनी विचारलं, आणि हेझेल बर्केटनं अभिमानानं मान हलवली. एकही नाही.

हॉक्सगिलच्या दवाखान्यात नावनोंदणीच्या खिडकीशी हेझेल लग्नाआधीपासून बसत होती. डोंगरावरून वारा जरी आला, तरी त्याला काय होतंय हे विचारल्याशिवाय हेझेल आत सोडणार नाही, असं गावात म्हणत. निम्मे पेशंट कानानं अधू, त्यामुळे तिचा आवाज वर्षागणिक चढत गेला होता आणि घरी नवऱ्याशीही ती त्याच पट्टीत बोलत असे.

तपासणीत दवाखाना असुरक्षित ठरला, तर तो बंद करून शहरातल्या मोठ्या दवाखान्याला जोडणार होते. शहराला बस सकाळी जायची ती संध्याकाळीच परतायची. म्हाताऱ्यांनी जायचं कसं? म्हणून हेझेलनं महिनाभर खाटकाच्या दुकानात, चर्चमध्ये, पबमध्ये एकच घोषा लावला होता: बाई येतील तेव्हा चांगलंच बोलायचं. तसं तिला सांगायचीही गरज नव्हती. इथल्या माणसाचा पाय मोडला तरी तो म्हणणार, कुरकुरण्यासारखं काही नाही.

आज तर गावानं कमालच केली. काही दुखतखुपत नसलेली मंडळीसुद्धा ठेवणीतले कोट घालून बाकांवर हजर होती. मिसेस कॉयलनी लशींचा फ्रीज पाहिला, ऑक्सिजनचे सिलिंडर पाहिले, औषधांच्या तारखा पाहिल्या. सगळं जिथल्या तिथं. मागच्या चहाच्या खोलीतली जुनी विजेची किटली एवढी घरघरली, की डॉक्टर लायलबाईंना बोलता बोलता थांबावं लागलं. ती बंद झाल्यावर दोघी हसल्या. हेझेलचा जीव भांड्यात पडला.

मग मिसेस कॉयल बाहेर येऊन पेशंटांमध्ये बसल्या. ज्याला विचारावं तो दवाखान्याचे गोडवे गाई. एका आजीनं तर इथल्या खुर्च्यांचीही स्तुती केली, आणि त्या खुर्च्यांना कुणीच कधी चांगलं म्हटलं नव्हतं.

“जिथं कुणीच कुरकुरत नाही ना, तिथं मला जास्त भीती वाटते,” मिसेस कॉयल म्हणाल्या. “बरं, एवढंच सांगा. जे सांगायला आलं ते न सांगताच घरी परत गेलंय, असं कुणी आहे का इथं?”

सगळे आपापल्या बुटांकडे बघू लागले. हेझेलनं कान टवकारले. तेवढ्यात कोपऱ्यातून विल्फ मॉसपनं घसा साफ केला. विल्फनं जन्मभर मेंढ्या राखल्या होत्या. त्यालाही ऐकू कमीच येई, त्यामुळे तो खासगीत बोलला तरी आवाज रस्त्यापर्यंत जाई.

“मी गेलोय. लघवीतनं रक्त जात होतं. तीनदा आलो. पण खिडकीशी हेझेल विचारणार, विल्फ, काय होतंय? आणि मागं सगळं गाव बसलेलं. मग काय, म्हटलं, खोकला झालाय. तीनदा खोकल्याचं औषध घेऊन गेलो. शेवटी ऑपरेशन करायची वेळ आली. डॉक्टर म्हणाल्या, थोडं आधी आला असतात तर सोपं गेलं असतं.” मग त्याला आपण काय बोलून बसलो ते उमगलं असावं. “हेझेल पोरगी चांगली आहे हं,” त्यानं घाईघाईनं जोडलं.

हेझेलला विल्फच्या खोकल्याचा तो हिवाळा आठवला. “खोकला ऐकू तर येत नाही, विल्फ!” असं ती खिडकीतून ओरडली होती आणि सगळे हसले होते. विल्फही हसला होता. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

विल्फ टोपी हातात घेऊन खिडकीशी आला. “दवाखाना बुडवला का गं मी, पोरी?”

उत्तर मिसेस कॉयलनीच दिलं. “नाही हो. दिवसभरात खरं असं तुम्हीच काय ते बोललात. आता यांना सुधारता तरी येईल.”

काही आठवड्यांनी निकाल आला. दवाखाना चांगला ठरला, फक्त खिडकीपाशी पेशंटला आडोसा हवा, एवढा शेरा होता. डॉक्टरांनी केक आणला. गाव पबमध्ये असं काही नाचलं की शेरा कुणाच्या लक्षातही राहिला नाही. हेझेलच्या राहिला. केक तिनं अर्धाच खाल्ला.

त्यानंतरच्या सोमवारी विल्फ पुन्हा खिडकीशी उभा राहिला. बाक भरलेले होते. ‘काय होतंय’ हेझेलच्या अगदी ओठांवर आलं होतं, ते तिनं गिळलं. उठून ती बाहेर आली, त्याच्या दंडाला धरून त्याला चहाच्या खोलीत नेलं, स्वतःच्या खुर्चीवर बसवलं आणि दार लावून घेतलं. मग किटली सुरू केली. घरघर अशी चढली, की बाहेर कान लावून बसलेल्यांची निराशा झाली असणार.

हेझेल त्याच्या कानापाशी वाकली. “हं, बोला विल्फ.”

विल्फ टोपीची कड चाचपत राहिला. “काही नाही गं. या खेपेला खरंच खोकलाच आहे.”

ती हसली नाही. एक स्टूल ओढून त्याच्यासमोर बसली. पाणी उकळलं आणि किटली खटकन बंद पडली. बाहेर कुणीतरी शिंकलेलं स्पष्ट ऐकू आलं. विल्फनं दाराकडे पाहिलं.

हेझेलनं हात लांब करून किटली पुन्हा सुरू केली.