सातव्यांदा चेन उतरली

पारडीच्या नाक्यावर माझ्या मोपेडची चेन सातव्यांदा उतरली, तेव्हा मी तिले सरळ लाथ घातली. नर्सबाईच्या पांढऱ्या साडीत, भर दुपारी, लोकं पाहून राहिले असताना. चपलेचा अंगठा तुटला, माझ्या बोटातून रक्त आलं, गाडीले काही नाही झालं.

लाथ घातली, पण गाडी माझा जीव की प्राण होती. मागच्या साली, अठ्ठ्याहत्तरमधे, चाळिशीत शिकली मी. आमच्या गोळीबार चौकातल्या साऱ्या बाया दारात उभ्या राहून फिदीफिदी हसत होत्या. हसा म्हटलं! त्याआधी बारा वर्षं मी पारडीच्या दवाखान्यात बसनं गेली, आन् बस नाही आली त्या दिवशी पायी. गाडी आली आन् कुठं जाचं तर कोणाले विचारणं बंद झालं. मनात आलं की बहिणीकडे, मनात आलं की तलावावर.

आमचे हे, गिरिधर, मिलमधे फिटर. घरातल्या वस्तूले बाहेरच्याचा पाना लागलेला त्यायले खपत नाही. पाने कसे, मऊ फडक्यात गुंडाळून ठेवलेले. दसऱ्याले कुंकू आधी पान्यायले लागते, सोनं मले मंग. दर रविवारी चहा झाला की हे गल्लीत बोरी अंथरून बसत आन् माझ्या गाडीची चेन कसत. "सैल राहिली तर रस्त्यात उतरंन," म्हणत. कसून ठेवली तरी उतरे. मंग पुढच्या रविवारी आणखी कसत.

त्या शनिवारी घरी आली तर माझ्या पायाकडे पाहून म्हणाले, "बस झालं आता. ताराचंद उद्या सकाळी येऊन राहिला. त्याले देऊन टाकू गाडी."

ताराचंद म्हणजे यांच्याच खात्यातला दोस्त. म्हणजे बोलणं आधीच झालं होतं!

"काहून? गाडी माझी, पाय माझा!"

"आन् काळजी कोणाची वं? एखाद्या दिवशी ट्रकच्या समोर उतरली तर? तू बसनंच जात जा."

भांडाले आला असता तर भांडली असती मी, कमी नाही पडत. पण माणूस काळजीनं बोलत होता. रागानं जेवलीच नाही.

रविवारी सकाळी हे ताराचंदसाठी तर्री-पोहे आणाले गेले. म्हटलं, जाची आहे तर निदान पुसून तरी देऊ. आमची गल्ली चिंचोळी, म्हणून गाडी नेहमी भिंतीले चिकटवून ठेवलेली राहे. मी ती ओढून मधोमध आणली, पुसाले मागे गेली, आन् तिथंच थांबली.

मी खाप्याच्या विणकराची पोरगी. बाबूजी मागाच्या मागं उभे राहून एक डोळा मिटत आन् ताणा सरळ आहे का पाहत. तिरपा असला तर कितीही ओढा, धागा तुटतेच. मीही तसाच एक डोळा मिटला. बाप्पा! मागचं चाक पुढच्या चाकाकडे पाहतच नव्हतं.

घरातून सुतळी आणली. मागच्या चाकाले टेकवून पुढपर्यंत ताणली. एका बाजूनं ती पुढच्या चाकाले घासली, दुसऱ्या बाजूनं चार बोटं लांब राहिली. मंग खाली बसून पाहिलं. चाक मागं ओढाचा एक-एक बोल्ट दोन्हीकडे राहते. चेनकडचा बोल्ट लख्ख, पार मागं ओढलेला. भिंतीकडच्याले गंज चढलेला. तो जागचा हललाही नव्हता.

भिंतीमुळे तिकडे हातच जात नव्हता ना! दर रविवारी माझा फिटर एकच बाजू कसत होता. चेन टाइट होत गेली, चाक तिरपं होत गेलं, आन् तिरप्या चाकावर चेन राहणार कशी?

आधी मले हसू आलं. मंग आठवलं, मिलमधे वीस वर्षांचं नाव यांचं. दोस्तासमोर कसं सांगू, की बायकोच्या गाडीचं चाक तुम्हीच वाकडं केलं? आन् नाही सांगितलं तर गाडी जाते.

तेवढ्यात दोघंही संगंच आले. मी सुतळीचं टोक यांच्यासमोर धरलं. "हे जरा धरा ना."

यांनी धरलं. पाहिलं. पोह्याचा पुडा ताराचंदच्या हातात देऊन खाली बसले. चेनकडचा बोल्ट पाहिला, गंजलेला पाहिला, परत पहिला पाहिला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"काय झालं गा?" ताराचंद म्हणाला. "गाडीत खोट हाये काय?"

मले राहवलं नाही. "रस्त्यावरच्या कोण्या मेकॅनिकनं एकाच बाजूनं कसली असंन, भाऊ," मी सरळ खोटं बोलली.

यांनी माझ्याकडे वर पाहिलं. मंग हात झटकून उभे झाले.

"नाही गा ताराचंद. या गाडीले माझ्याशिवाय कोणाचाच पाना लागला नाही. गाडी एक नंबर हाये, ते विकाची नाही." आन् स्वतःच्या छातीवर बोट ठेवून म्हणाले, "हा फिटर विकाचा हाये. घेतो काय?"

ताराचंद खो खो हसाले लागला. माझ्या डोळ्यात टचकन पाणी आलं.

"पोहे खाऊन जा भाऊ," मी म्हटलं. "फिटर बी नाही देत मी."