पाच प्लेटा

सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी मिस्त्रीने मोटारसायकलच्या क्लचच्या झाकणाचा शेवटचा स्क्रू काढला. खाली ठेवलेल्या डब्यात काळं तेल गळू लागलं.

"न उघडताच प्लेटा मागवल्या असत्या तर?" नर्सने विचारलं. बारा वाजता तिची ड्युटी होती.

"वहिनी, या मॉडेलला दोन तऱ्हेचे क्लच येतात. आधीचा चार प्लेटांचा, दाबायला कडक. नंतरचा पाचांचा, हलका. कागद बघून माल आणला की मिस्त्रीला दोन हेलपाटे."

गाडीच्या कागदांवरच्या सालाप्रमाणे क्लच कडकच निघायला हवा होता. नवराही अकरा वर्षं तेच सांगत आला होता: तुझ्या बोटांना पेलणार नाही, मागे बस. सहा महिन्यांपूर्वी त्याची बदली झाली. क्लच गेलाय, गाडी विकून टाक, म्हणून गेला. पण दुपारची पाळी रात्री सुटल्यावर तिला बस मिळत नसे. शेवटी तिने गाडी ढकलत इथे आणली. आजवर ती एकदाही चालवली नव्हती; दुरुस्त झाली की शिकणार होती.

मिस्त्रीने प्लेटा एकेक काढून रद्दीच्या कागदावर मांडल्या. पाच भरल्या.

"घ्या! हलका निघाला. मागाहून बदलून घेतलाय कुणीतरी."

"पण दाबताना कडक लागतो."

"ती केबल गंजलीय." त्याने मधली एक पोलादी चकती उजेडात धरली. ती निळी पडली होती. "क्लच अर्धवट दाबून गाडी हाणली की अशी भाजते. शिकाऊ हात. लाजू नका, पहिला क्लच सगळेच जाळतात. साहेबांनी हौसेने शिकवलेलं दिसतंय तुम्हाला."

नर्सने चकती हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली.

"हा हलका बसवून किती दिवस झाले असतील?"

"वर्ष. फार तर दीड."

तिने चकती होती तिथेच ठेवली. बोटांचं तेल पुसलं नाही.

"हलकाच बसवा."

"अहो, आता दुसरा बसतोय कुठे यात," मिस्त्री हसला. "आणि तुम्हाला तर सवय आहेच."

दहा चाळीसला तिने दुकानाबाहेर येऊन नवऱ्याला फोन लावला. क्लच पाच प्लेटांचा निघाला, एवढंच सांगितलं.



"तुला गाडी विकायला सांगितली होती," तो म्हणाला. "उघडायला कुणी सांगितलं?"

दहा बेचाळीसला तिने फोन ठेवला. आत जाऊन मिस्त्रीला केबलही नवी टाकायला सांगितलं.