बचनाग वगळलेला काढा

लुओ तिंगफू वैद्यांनी तीस वर्षं दुकानात बसून एकच पाढा म्हटला होता. दवाखान्यात जाऊ नका, तिथे माणूस उघडला की त्याच्यातला जीव पातळ होतो. बोलायला काय जातं! च्यांगयोऊच्या बाजारात लोक माना डोलवायचे. आता त्यांची थोरली बहीण युनशिउ तेच वाक्य त्यांच्या तोंडावर फेकत होती.

तिच्या हृदयाची एक झडप कडक झाली होती. चेंगदू शहरातले डॉक्टर म्हणाले, झडप बदलू, नाहीतर हा हिवाळा कठीण आहे. आई गेल्यावर ह्याच बहिणीने तिंगफूंना पाठीला बांधून शेतात नेलं होतं. त्यांनी स्वतः जाऊन शस्त्रक्रियेची तारीख घेतली.

"पायाची सूज उतरलीय ना? मग चिरफाड कशाला?"

"ताई, सूज उतरली, झडप नाही सुटली."

"तूच तर सांगायचास सगळ्यांना."

"मूर्ख होतो मी."

"तो तू अजून आहेस," म्हणून ती मजेत हसली.

त्यांचा काढा काही खोटा नव्हता. विष उतरवून शुद्ध केलेला, हृदयाला जोर देणारा बचनाग आधी तासभर एकटा उकळायचा, मग रक्त फिरतं ठेवणारी दानशेनची मुळी आणि सुंठ घालायची. तो पोटात गेला की युनशिउ जिना चढायची, माजोंगच्या सोंगट्यांच्या डावात शेजारणींना हरवून यायची. औषध थोडंसं लागू पडत होतं आणि सगळा घात तिथेच होता.

थंडी सुरू झाली तेव्हा तिंगफूंनी तिच्या पुडीतून बचनाग काढून टाकला. त्रास झाला की घाबरेल, घाबरली की जाईल, असा त्यांचा बेत.

सहाव्या दिवशी ती आली ती वाटेत तीनदा बसून. पाय मावत नव्हते म्हणून कापडी बुटांच्या टाचा दाबून घातल्या होत्या. तिंगफूंनी मनगटावर तीन बोटं ठेवली. नाडी दोन पावलं चालायची आणि अडखळायची.

"काढ्याची चव बदललीय रे."

"मग?"

"मग काय! जीभ म्हातारी झाली माझी. तुझा काढा कसा चुकेल?"

त्यांना राहवेना. "चुकला नाही, ताई. बचनाग मीच काढला. मुद्दाम. तुला त्रास व्हावा, तू चेंगदूला जावंस म्हणून."

युनशिउ इतकी हसली की तिला धाप लागली. "तू? माझ्या औषधातून? लहानपणापासून तुला धड खोटं बोलता येत नाही!"

"खरं सांगतोय!" तिंगफूंनी तिच्यापुढे गुडघे टेकले. "पाया पडतो, चल."

"ऊठ, गिऱ्हाईकं बघताहेत. माझं वाईट तुझ्या हातून व्हायचं नाही, एवढं कळतं मला. उद्याची पुडी बांध."

ते बचनागाच्या खणापाशी उभे राहिले. बचनाग घातला तर तिला बरं वाटणार आणि ती चेंगदूला कधीच जाणार नाही. नाही घातला तर महिनाभरही टिकायची नाही. बराच वेळ त्यांना तागडी उचलवेना. मग त्यांनी पूर्ण माप घातलं.

"आधी तासभर उकळ, ताई."

"आता मला शिकव!"

पाच दिवसांत सूज उतरली. युनशिउने स्वतः चेंगदूला फोन लावला आणि तारीख रद्द करून टाकली. मग गरम भाताची पेज आणि मोहरीचं लोणचं घेऊन ती दुकानात आली.

"खा," ती म्हणाली, "माझ्या काळजीने वाळलास नुसता."

तिंगफूंनी वाटी घेतली आणि ते मान खाली घालून पेज प्यायला लागले.