रिंगा बसेपर्यंत

“दाजी, इंजिन कालच बांधलंय. पिस्टनच्या रिंगा बसल्या नाहीत अजून. आत्ता पूर्ण लोड दिला तर काय होईल, सांगू का?”

“नको सांगूस. तुला मीच शिकवलंय.”

“मग?”

“मग गाडी रोलरवर जागच्या जागी पळव.”

भावानं बहिणीकडे बघितलं. ती गाडी जागेवर धरून ठेवणारा पट्टा आवळायला खाली वाकली. पट्टा आधीच आवळलेला होता.

गॅरेज तिच्या नवऱ्याचं. भाऊ इथलाच टर्नर. या इंजिनाचे सिलिंडर त्यानंच आतून तासून बोअर केलेले. नवऱ्याला गिऱ्हाइकं कानसेन म्हणायची. तो इंजिनाला तांब्याची नळी जोडायचा, नळीला रबरी पाइप, आणि पाइपाचं दुसरं टोक कानावरच्या जाड डब्यात. आतलं पेट्रोल अवेळी भडकून पिस्टनवर ठोका पडू लागला, की दुसऱ्या कुणाला पत्ता लागायच्या आत हा पाय काढायची खूण म्हणून दोन बोटं वर करायचा आणि ठिणगीचं टायमिंग मागे घ्यायचा. लोकांच्या गाड्यांना जोर वाढवणारे टर्बो बसवता बसवता त्याचे केस पिकले. स्वतःसाठी ही एवढी एकच, दोन दारांची जुनी गाडी. तीही उरल्यासुरल्या वेळात उभी केलेली.

नवं इंजिन घेऊन ट्यूनिंगला येणाऱ्याला तो परत पाठवायचा. आधी हळू चालवा, रिंगा सिलिंडरला घासून नीट बसू देत, मग या. कुणी फारच मागे लागलं तर म्हणायचा, “लग्नाच्या दिवशीच पोराचं शाळेत नाव घालताय होय?”

आता घाई त्यालाच होती. एक कान कधीच गेला होता. गेल्या आठवड्यात कानाच्या डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्याचंही सांगून टाकलं. नस सुकत चाललीय, दिवसेंदिवस कमीच होणार. मशीन लावलं तर माणसांचं बोलणं थोडंफार कळेल.

“माणसांचं ऐकून काय करू?” त्यानं विचारलं होतं. हसावं की नाही ते बाईंना कळेना. तो थट्टा करत नाही हे बायकोला मात्र कळलं होतं, आणि घर येईपर्यंत ती बसच्या खिडकीबाहेर बघत राहिली होती.

“अहो, थोडं थांबलं तर?” आता तिनं मोठ्यानं विचारलं. हल्ली सगळंच मोठ्यानं विचारावं लागे, त्यामुळे साधा प्रश्नही भांडणासारखा वाटे.

“थांबू? रिंगा बसतील तोवर माझा कान बसेल. मग काय करायचं, बहिऱ्यापुढे गाडी वाजवायची? एकदा, फक्त एकदा मला माझी गाडी पूर्ण ऐकू दे.”

भावानं हात पुसायचं फडकं बाकावर टाकलं. “मी पाय ठेवणार नाही पॅडलवर. माझ्या हातचं काम आहे ते.” तो दारापाशी जाऊन पाठमोरा उभा राहिला.

“तू बस,” नवरा तिला म्हणाला.

ती बसली. त्याच्यासाठी अ‍ॅक्सिलरेटर दाबायची तिला सवय होती. त्यांच्या संसारातल्या निम्म्या गप्पा याच सीटवर बसून झाल्या होत्या. तो शेजारी बसला. मांडीवर लॅपटॉप, कानावर डबा.

“दाब.”

काटा चढू लागला. चाकांखाली रोलर घरघरले, वरचा पत्रा थरथरला. मग टर्बोची शीळ उठली आणि गाडीनं पट्ट्यांना असा हिसका दिला की तिनं स्टीअरिंग घट्ट धरलं. तिनं शेजारी पाहिलं. त्यानं डोळे मिटले होते. इतका सुखात तो तिला किती तरी वर्षांत दिसला नव्हता.

आणि त्याच वेळी तिला ते ऐकू आलं. डब्यात खडे खुळखुळावेत तसं. बारीक, कोरडं.

त्याची बोटं वर झाली नाहीत.

ऐकू येऊ दे रे देवा, तिनं मनात म्हटलं. आजच्या दिवस येऊ दे. नळी थेट त्याच्या कानात होती आणि खडखडाट तिला, नुसत्या कानांनी, आता स्वच्छ कळत होता. पाय काढला तर इंजिन वाचेल, पण ते काढणंच त्याला सगळं सांगून टाकेल. नाही काढला तर पिस्टन फुटेल, आणि मग त्याला कळल्याशिवाय राहणार नाही. उचला हो, एक बोट तरी उचला. तो हसत होता. हातानं खुणावत होता, दाब, अजून दाब.

तिनं पाय काढला.

रोलर हळूहळू थांबले.

“का सोडलंस?”

“पाय घसरला.”

“तुझा?” तो चिडून वळला आणि त्याला तिचा चेहरा दिसला. मग त्यानं कानावरचा डबा काढला. “वाजत होतं?”

तिनं होय म्हणून मान हलवली.

“कुठून? काटा कुठं होता?”

तिनं मीटरच्या काचेवर काट्याची जागा बोटानं दाखवली. खूपच खालची जागा होती ती. त्यानं तिच्या बोटाकडे बघितलं, मग हातातल्या डब्याकडे.

“मला वाटलं, काय गोड चाललंय,” तो म्हणाला.

भाऊ दारातून आत आला. कुणी न सांगताच त्यानं प्लग काढले, आत बॅटरी मारून एकेक पिस्टन पाहिला. “वाचलंय, दाजी.” दाजींचं लक्ष नव्हतं. मग भावानं त्यांच्या खांद्याला हात लावून, अंगठा वर करून दाखवला.

“प्लग बसव. पट्टे सोड,” नवरा म्हणाला. “रस्त्यावर काढू. रिंगा बसू देत आधी.”

“आणि मग? ट्यूनिंग कोण करेल?” भावानं विचारलं.

हे त्याला ऐकू आलं नसावं. किंवा आलंही असेल.

गाडी हमरस्त्याला लागली तेव्हा उन्हं कलली होती. स्टीअरिंगवर त्याचे दोन्ही हात होते. नव्या इंजिनाला चालवावं तशी तो चालवत होता. जरा चढवायचा, जरा उतरवायचा, कुठं ताण नाही, घाई नाही. मागे एक ट्रक हॉर्न देऊ लागला. त्याच्यामागे आणखी एक. मग सगळी रांगच एका सुरात ओरडू लागली. तो समोर बघत शांतपणे चालवत होता.

तिनं काच खाली केली, हात बाहेर काढला आणि मागच्यांना पुढे जा, पुढे जा, अशी खूण करत राहिली.